मॅशचं तापमान टिकत नाही? पाच लिटरच्या बॅचसाठी तपासणी, सोप्यापासून अवघडापर्यंत

मॅश म्हणजे भरडलेलं मॉल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) गरम पाण्यात ठरलेल्या तापमानाला तासभर ठेवणं. त्यात स्टार्चची साखर होते. जो गोड रस निघतो तो वर्ट, आणि यीस्ट त्याचीच बिअर करतं.

आधी लक्षणं

- रेसिपी तीच, मॉल्ट तेच, यीस्टही तेच. तरी एका वेळी बिअर पाणचट होते आणि पुढच्या वेळी गोडसर, जड.
- सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर जितकी जास्त तितका आकडा मोठा) १.०५० असताना शेवटची १.००५ च्याही खाली जाते, किंवा १.०१८ ते १.०२० वर अडकून बसते.
- ६७ अंशांवर झाकलेलं पातेलं तासाभराने उघडलं तर काटा ५९ वर असतो.
- थर्मामीटर मधोमध एक आकडा दाखवतो, कडेला दुसरा, तळाशी तिसरा.
- आच बंद केल्यावरही तापमान दोन-तीन अंशांनी चढत राहतं.
- तासभर मॅश करूनही आयोडीनचा थेंब निळा-काळा होतो, म्हणजे स्टार्च अजून उरलेला असतो.
- सुरुवातीची ग्रॅव्हिटी अपेक्षेपेक्षा आठ-दहा पॉइंट (०.००८ ते ०.०१०) कमी भरते.

पुढचे सगळे आकडे सेल्सिअसमध्ये आहेत. बॅच पाच लिटरची, म्हणजे साधारण १ किलो मॉल्टची धरली आहे. पद्धती दोन: ३ लिटर पाण्यात घट्ट मॅश करून नंतर दाणा धुणं (गरम पाणी ओतून उरलेली साखर काढणं), किंवा पिशवीत मॉल्ट घालून सगळं ६.५ लिटर पाणी एकदमच वापरणं.

कायद्याचं आधी सांगतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे. म्हणून हा मजकूर जिथे मुभा आहे तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. ब्रिटनमध्ये स्वतःपुरती बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने १९७८ मध्ये सूट दिली: एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरात २०० गॅलन. तिथली शेवटची दोन राज्यं, अलाबामा आणि मिसिसिपी, २०१३ मध्ये त्यात आली. विक्री दोन्हीकडे चालत नाही.

छोट्या पातेल्यालाच हा त्रास जास्त का

उष्णता पृष्ठभागातून जाते आणि साठते आकारमानात. पाच लिटरचा ठोकळा कल्पिला तर दर लिटरमागे सुमारे ३५० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग उघडा पडतो. पंचवीस लिटरच्या ठोकळ्याला तो २०५ च असतो. म्हणजे त्याच खोलीत, त्याच जाडीच्या पातेल्यात, छोटी बॅच पावणेदोन पट वेगाने निवते. मोठ्या बॅचसाठी लिहिलेल्या सूचना, उदाहरणार्थ ‘झाकण ठेवा आणि तासाभराने या’, पाच लिटरला जशाच्या तशा लागू होत नाहीत त्या यामुळे.

तापमानाला इतकं महत्त्व का, तेही पाहू. मॉल्टमधली दोन एन्झाइम मुख्य काम करतात. स्टार्च म्हणजे लांब ऊस धरला तर अल्फा-अमायलेज हा त्याचे मधूनच कसेही तुकडे करणारा कोयता समजा. बीटा-अमायलेज टोकाकडून दोन-दोन पेरं मोडत येतं. ती दोन पेरं म्हणजे माल्टोज, यीस्टचं आवडतं खाणं. बीटाला ६० ते ६५ अंश मानवतात, ७० च्या वर ते काही मिनिटांतच मोडू लागतं. अल्फा ६८ ते ७२ ला जोमात असतं. म्हणून ६४-६५ ला केलेली बिअर कोरडी, हलकी होते आणि ६९ ला केलेली भरीव. बहुतेक रेसिपी ६६ च्या आसपास सांगतात, कारण तिथे दोघंही काम करतात.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर आहेत. खाली गेलेलं तापमान परत वर आणता येतं. वर जाऊन मोडलेलं बीटा परत येत नाही. त्यात आजच्या मॉल्टमध्ये स्टार्च फुटण्याचं बरंचसं काम पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. पन्नासाव्या मिनिटाला ६२ दिसले तर जीव घाबरा करायचं कारण नाही. पाचव्या मिनिटाला ७२ दिसले तर मात्र लगेच हालचाल करायची.

१. दोष खरंच मॅशचा आहे का? (खर्च शून्य)

शेवटची ग्रॅव्हिटी रिफ्रॅक्टोमीटरने (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) मोजली असेल तर ती सरळ सोडून द्या. अल्कोहोल मिसळलं की ते यंत्र प्रत्यक्षापेक्षा बरंच वरचं वाचतं, आणि १.०१० ची बिअर १.०२० च्या घरात दिसते. दुरुस्तीचं गणित करावं लागतं किंवा हायड्रोमीटर (द्रवात तरंगणारी, आकडे असलेली काचेची नळी) वापरावा लागतो. हायड्रोमीटरही आधी २० अंशांच्या साध्या पाण्यात सोडून १.००० दाखवतो का पाहा. काही १५.६ अंशांना जुळवलेले असतात, ते दांडीवरच्या कागदावर छापलेलं असतं.

मग यीस्टचा संशय फेडून घ्या. उकळून थंड केलेल्या वर्टमधून २०० मिलिलिटर वेगळं काढा, त्यात गरजेपेक्षा कितीतरी जास्त यीस्ट घाला, तोंड सैल झाकून २५ अंशांच्या उबेत ठेवा आणि येता-जाता हलवा. दोन-तीन दिवसांत ही बाटली जिथे थांबते तिथवरच ते वर्ट जाऊ शकतं. बाटली १.०११ ला थांबली आणि मोठी बॅच १.०१९ ला, तर दोष यीस्टचा किंवा आंबवण्याच्या खोलीचा. दोन्ही १.०१९ ला थांबल्या तर मॅश फार गरम झाला होता. ही एक चाचणी अनेक महिन्यांचे तर्क वाचवते, तरी ती फारच थोडे जण करतात.

उलट बाजूला, ग्रॅव्हिटी १.००३ पर्यंत उतरली असेल आणि चवीला आंबट, औषधी झाक असेल तर तो बहुधा संसर्ग आहे, थंड मॅश नाही. अशी बिअर बाटल्यांत भरू नका. ग्रॅव्हिटी आत उतरत राहिली तर दाबाने बाटली फुटते.

२. थर्मामीटर खोटं बोलतो का? (खर्च शून्य ते एका नव्या थर्मामीटरचा)

मॅशच्या तक्रारींचं मूळ सर्वांत जास्त वेळा इथे सापडतं. दोन अंशांची चूक असली की ६६ समजून तुम्ही ६८ ला मॅश करत राहता आणि बाकी सगळं निर्दोष असूनही बिअर जड होते.

पहिली कसोटी बर्फाची. पेला ठेचलेल्या बर्फाने गच्च भरा, खळगे बुडतील एवढंच पाणी घाला, दोन मिनिटं ढवळा. थर्मामीटर पेल्याला टेकू न देता मधोमध धरला तर ० यायला हवा. बर्फाचे मोठे खडे तरंगणारं पाणी चालत नाही. त्यात तळाशी दोन-तीन अंश असू शकतात.

दुसरी उकळत्या पाण्याची. इथे आपण कुठे राहतो ते बघायला हवं. समुद्रसपाटीला १०० अंश, आणि दर ३०० मीटर चढाईला साधारण १ अंश कमी. लंडनला १०० च धरा. डेन्व्हर सुमारे १,६०० मीटरवर आहे, तिथे पाणी ९५ च्या आसपासच उकळतं. तिथे ९५ दिसल्यावर ‘पाच अंश कमी दाखवतो’ म्हणून थर्मामीटरचा काटा फिरवून ठेवला तर चांगला थर्मामीटर बिघडवला असं होईल.

पण ० आणि १०० ला बरोबर असणारा थर्मामीटर ६६ ला चुकू शकतो, डायलचा तर हमखास. म्हणून तिसरी कसोटी घरच्या तापाच्या डिजिटल थर्मामीटरची. तो अगदी थोड्या पट्ट्यात पण फार अचूक मोजतो. वाडग्यात ३९ अंशांच्या आसपासचं पाणी घ्या, दोघांची टोकं शेजारी धरा आणि ढवळत राहा. फरक अर्ध्या अंशाच्या आत असेल तर समाधान माना. तापाचा थर्मामीटर ४२ च्या वरच्या पाण्यात घालू नका.

कोणत्या जातीचा थर्मामीटर कसा दगा देतो, तेही सांगतो. डायलवाल्याचा संवेदक दांडीच्या खालच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये असतो. नुसतं टोक बुडवलं तर तो हवेचं तापमानही मिसळून दाखवतो. त्याच्या पाठीमागे नट असतो, तो पान्याने फिरवून शून्य जुळवता येतं. केबलवाल्या डिजिटलमध्ये केबल आणि नळी जुळते तिथून ओल आत जाते आणि आकडे एकाएकी वेडेवाकडे उड्या मारू लागतात. नळी कोमट ओव्हनमध्ये वाळवून कधी कधी सुधारते, पण एकदा असं झालेल्यावर भरवसा ठेवू नये. इन्फ्रारेडची पिस्तुलं या कामाला नकोतच. ती फक्त वरचा पृष्ठभाग वाचतात, वाफेने फसतात आणि चकचकीत स्टीलवर तर काहीच्या बाही आकडे देतात. काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर मॅशमध्ये कधीही नको. फुटला तर सगळी बॅच फेकावी लागते आणि पारा घरात पसरतो.

३. कुठे आणि केव्हा मोजता?

मॉल्ट घातल्यावर लगेच दिसणारा आकडा खरा नसतो. दाण्याचे कण आतपर्यंत तापायला वेळ लागतो, गुठळ्या झाल्या असतील तर आणखी. पिठल्यात बेसनाची गुठळी वरून शिजलेली आणि आत कोरडी राहते, तसंच हे. मॉल्ट एकदम ओतू नका. डाव्या हाताने ओंजळ-ओंजळ सोडा, उजव्या हाताने झाऱ्याने तळापासून ढवळा. एक किलोला दोन मिनिटं पुरतात. गुठळी दिसली की पातेल्याच्या कडेला दाबून फोडा. मग झाकण ठेवून पाच मिनिटं थांबा, पुन्हा तळापासून ढवळा आणि तीन जागी मोजा: मधोमध निम्म्या खोलीवर, कडेपासून दोन बोटांवर आणि तळाजवळ.

तिन्ही आकडे एका अंशाच्या आत असतील तर मधला धरा. तीन-चार अंशांचा फरक असेल तर ढवळणं कमी पडलं आहे. ते न करता गरम किंवा गार पाणी घालत बसलात तर एका कोपऱ्यातल्या आकड्यामागे धावून सगळा मॅश बिघडवाल. पहिल्या मिनिटाला ६३ दिसले म्हणून उकळतं पाणी ओतलं, पाचव्या मिनिटाला ७० झाले म्हणून बर्फ घातला, दहाव्या मिनिटाला पुन्हा ६४: ही घालमेल या छंदातली फार नेहमीची चूक आहे. पहिली पाच मिनिटं हात आवरा. अपवाद एकच, नीट ढवळल्यावरही ७१-७२ दिसले तर थांबू नका.

४. आधणाचं गणित

भाताला आधण ठेवतो तसंच हे, फक्त इथे अंदाज चालत नाही. थंड मॉल्ट पडल्यावर पाणी किती निवेल ते आधी काढता येतं:

आधणाचं तापमान = (०.४१ ÷ दर किलो मॉल्टमागे पाण्याचे लिटर) × (हवं ते तापमान − मॉल्टचं तापमान) + हवं ते तापमान

मॉल्ट २० अंशांचं, पाणी ३ लिटर, हवेत ६६. म्हणजे (०.४१ ÷ ३) × ४६ = ६.३, म्हणून आधण ७२.३ ला. पिशवीच्या पद्धतीत ६.५ लिटरला तेच गणित ६८.९ देतं. एका पद्धतीचा आकडा दुसरीला लावला की साडेतीन अंशांची चूक तिथेच होते.

इथे लोक नको त्या ठिकाणी काटेकोर होतात. पाणी दहा टक्क्यांनी कमी मोजलं गेलं तर घट्ट मॅशमध्येही फरक जेमतेम पाऊण अंशाचा. मॉल्टचं तापमान चुकलं तर तो सहज दीड-दोन अंशांचा. हिवाळ्यात गॅरेजमधल्या पोत्यातलं मॉल्ट १० अंशांचं असतं, त्याला आधण ७३.७ हवं. फ्रिजमधून काढलेल्या ४ अंशांच्या मॉल्टला ७४.५. उन्हाळ्यात जमलेली रेसिपी डिसेंबरात पाणचट का होते, याचं उत्तर बहुधा एवढंच असतं. थर्मामीटर आधी मॉल्टच्या डब्यात खुपसून बघा, नाहीतर आदल्या रात्री मॉल्ट मोजून स्वयंपाकघरात आणून ठेवा. दुसरा मार्ग जास्त बरा.

पिशवीची पद्धत या बाबतीत क्षमाशील आहे. पाणी भरपूर असल्याने मॉल्ट दहा अंशांनी थंड असलं तरी मॅश फक्त ०.६ अंशाने घसरतो. नुकतीच सुरुवात करणाऱ्याने तिच्यापासूनच करावी.

५. पातेलं उष्णता खातं

आधण ज्या पातेल्यात तापवलं त्यातच मॉल्ट घालत असाल तर हे सोडून पुढे जा. दुसऱ्या भांड्यात, कूलरमध्ये किंवा इन्सुलेटेड जगमध्ये ओतत असाल तर ते भांडं एक-दोन अंश गिळतं. आधी ७५ ते ८० अंशांच्या पाण्याने भरून, झाकून दहा मिनिटं ठेवा, ते पाणी काढा आणि मग आधण ओता. थंड पाण्यासाठी बनवलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या जगात उकळतं पाणी नको, आतलं अस्तर वाकतं.

वीस-पंचवीस लिटरच्या कूलरमध्ये चार लिटर मॅश ठेवू नका. वरची रिकामी हवा आणि भिंतींचं प्लास्टिक तापवण्यातच मॅशची ऊब जाते. पाच-सहा लिटरचा जग किंवा तेवढाच मोठा कॅसरोल जवळजवळ काठोकाठ भरला तर तासाला एक-दोन अंशांपलीकडे उतरत नाही.

उलटा प्रकार जाड, तीन थरांच्या बुडाच्या पातेल्यात होतो. आच बंद केली तरी बूड तापलेलंच असतं, इलेक्ट्रिक शेगडीची कॉइल तर आणखी कितीतरी वेळ. काटा वर सरकत राहतो तो यामुळे. हव्या आकड्याच्या दीड अंश अलीकडे आच बंद करा आणि इलेक्ट्रिक शेगडी असेल तर पातेलं तिच्यावरून उचलून लाकडी पाटावर ठेवा.

६. ऊब धरून ठेवणं

आधी एक कोरडी चाचणी करा, मॉल्ट न घालता. पातेल्यात ५ लिटर पाणी ६७ अंशांवर आणा, झाकण ठेवा आणि एक तासाने मोजा. नुसत्या झाकणावर पातळ स्टीलचं पातेलं सात-आठ अंश सहज सोडतं, उघडं ठेवलं तर दुप्पट, कारण वाफ फार मोठी चोर आहे. हा तुमच्या पातेल्याचा, तुमच्या स्वयंपाकघराचा आकडा. तो वहीत लिहून ठेवला की पुढचा उपाय किती उपयोगी पडला ते कळतं.

सर्वांत स्वस्त उपाय आपल्याकडे थंडीत विरजण लावताना करतात तोच: भांडं झाकून गोधडीत गुंडाळणं. आधी झाकणाची फट बंद करा, मग वरून जाड टॉवेल, मग सभोवार गोधडी किंवा स्लीपिंग बॅग. पातेल्याखालीही घडी हवी. ग्रॅनाइटचा ओटा बुडातून उष्णता ओढून घेतो आणि हेच सगळे विसरतात. कॅम्पिंगच्या फोमच्या चटईचा, पातेल्याच्या मापाने कापलेला डगला त्याहून सुटसुटीत. आच चालू असताना, किंवा कॉइल गरम असताना, यातलं काहीही पातेल्यावर ठेवायचं नाही.

ओव्हन असेल तर गोधडीचीही गरज नाही. ओव्हन सर्वांत कमी आकड्यावर तापवा. बऱ्याच ठिकाणी तो ७५ ते ८० असतो. मग बंद करा आणि पातेलं आत ठेवा. बंद ओव्हनमध्ये मॅश तासाभरात एखाद-दुसरा अंशच सोडतो. ओव्हन चालू ठेवण्याचा मोह टाळा, आतला थर्मोस्टॅट दहा-पंधरा अंश वरखाली झोके घेतो. पातेल्याच्या मुठी प्लास्टिकच्या असतील तर त्या किती अंश सोसतात ते आधी पाहा.

झाकण दर पाच मिनिटांनी उघडून पाहणं हीसुद्धा गळती आहे. केबलवाला प्रोब झाकणाच्या फटीतून आत सोडून ठेवा.

मॅश चालू असताना आकडा चुकला तर

आधी ढवळा, मग पुन्हा मोजा. त्यानंतरही चुकलेला असेल तर:

घट्ट मॅशमध्ये (१ किलो, ३ लिटर) एक अंश चढवायला सुमारे १०० मिलिलिटर उकळतं पाणी लागतं. पिशवीच्या पद्धतीत (६.५ लिटर) सुमारे २०० मिलिलिटर. उतरवायचं असेल तर उकळून गार केलेलं पाणी घालण्यापेक्षा बर्फ बरा, कारण वितळताना तो भरपूर उष्णता शोषतो आणि मॅश फार पातळ होत नाही: एका अंशाला घट्ट मॅशमध्ये २५ ग्रॅम, पातळमध्ये ५० ग्रॅम. काट्यावर मोजून घाला. हव्या मापाच्या पाऊण हिस्साच आधी घालायचा, ढवळायचं, दोन मिनिटं थांबायचं.

६४ आणि ६८ च्या मध्ये कुठेही असाल आणि ठरवलं होतं ६६, तर माझं मत स्पष्ट आहे: हात लावू नका. आकडा लिहून ठेवा. बिअर चांगलीच होईल, आणि पुढच्या वेळी आधण किती बदलायचं ते कळेल.

७. शेगडीवर पुन्हा तापवणं

चालतं, पण इथे करपण्याचा धोका येतो. पिशवी तळाला टेकली की कापड वितळतं किंवा दाणा तळाला लागतो, आणि तो जळका वास बिअरमधून कधीच जात नाही. तळाशी स्टीलची जाळी ठेवा किंवा पिशवी वर उचलून धरा. आच मंद, झारा सतत फिरता. प्रोब तळाजवळ ठेवू नका, तिथे वर्ट आधी तापतं. इंडक्शनच्या सर्वांत खालच्या पायरीवर पुष्कळशा शेगड्या मंद आच देत नाहीत. त्या पूर्ण ताकदीने चालू-बंद होत राहतात. त्या वेळी मधल्या पायरीवर अर्धा मिनिट तापवून बंद करणं आणि ढवळणं जास्त ताब्यात राहतं.

८. पाण्याच्या टबात पातेलं

पाच लिटरसाठी मला सर्वांत पटणारी व्यवस्था ही आहे. मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, त्यात सू-व्हीडची कांडी (पाणी फिरवत ठरलेल्या तापमानाला ठेवणारा विजेचा हीटर) लावा, आणि मॅशचं पातेलं त्या पाण्यात बसवा. बाहेरचं पाणी आतल्या मॅशच्या पातळीपर्यंत यायला हवं. कांडी हव्या आकड्याच्या एक अंश वर लावा. ६६ हवेत तर ६७. चहूकडून ऊब एकसारखी मिळते, करपायला जागा नाही आणि तासभर काटा अर्ध्या अंशात राहतो. मध्ये दोनदा ढवळलं की पुरे.

कांडी थेट मॅशमध्ये मात्र घालू नका. पंख्यात फोलपटं अडकतात, चिकट वर्ट तापणाऱ्या नळीवर करपतं आणि यंत्र बंद पडतं.

९. तापमान बरोबर असूनही लक्षणं तीच असतील

आयोडीनची चाचणी नीट झाली का ते आधी बघा. थेंब गाळलेल्या, थंड वर्टचा हवा, पांढऱ्या बशीत. फोलपटाचा कण आला तर तो कायम निळाच होतो. तपासलेला नमुना परत पातेल्यात टाकायचा नाही.

मग भरड पाहा. मॉल्टचा प्रत्येक दाणा किमान दोन-तीन तुकड्यांत फुटलेला हवा, फोलपट मोठं राहिलेलं. अख्खे दाणे दिसत असतील तर ग्रॅव्हिटी कमी भरण्याचं कारण तेच. पिशवीच्या पद्धतीत भरड थोडी बारीक चालते, पण पिठाइतकी नको, नाहीतर गुठळ्या होतात.

मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ मध्ये हवा. पाणी फार जड (क्षारांचं) असेल आणि मॉल्ट फिकं, तर तो वर जातो, एन्झाइम मंदावतात आणि दाणा धुताना तुरट चव उतरते. धुण्याचं पाणी ७७ च्या वर गेलं तर तो तुरटपणा आणखी वाढतो.

तांदूळ घालणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं: कच्च्या तांदळाचा स्टार्च मॅशच्या तापमानाला पुरता फुलत नाही, तो आधी शिजवावा लागतो. जाडे पोहे मात्र सरळ मॉल्टबरोबर घालता येतात, कारण ते बनतानाच भिजून, भाजून, चेपून स्टार्च फुललेला असतो.

१०. विजेचे बॉयलर आणि कंट्रोलर

इतकं सगळं झाल्यावरच इथे या. बऱ्याच जणांची गाडी उलट्या क्रमाने धावते: आधी महागडं यंत्र येतं आणि मग कळतं की थर्मामीटरच दोन अंश चुकत होता.

छोट्या बॅचला मोठं हीटर हा स्वतःच एक दोष आहे. ६.५ लिटरच्या मॅशला ५०० वॉट मिनिटाला सुमारे १ अंश चढवतात, २००० वॉट ४ अंश. प्रोबला बदल कळायला वीस-तीस सेकंद लागले तर तेवढ्यात दीड-दोन अंश पुढे गेलेले असतात. यंत्रात ताकद कमी करायची सोय असेल तर मॅशसाठी ती सर्वांत खाली आणा.

चालू-बंद करणाऱ्या साध्या कंट्रोलरमध्ये फरकाची मर्यादा (किती अंश घसरल्यावर हीटर पुन्हा चालू व्हायचा) ०.३ ते ०.५ ठेवा. ती १ किंवा २ असेल तर काटा तितका झोका घेणारच. पीआयडी (गरजेप्रमाणे ताकद कमी-जास्त करणारा कंट्रोलर) असेल तर ऑटोट्यून, म्हणजे त्याचं स्वतःचं स्वतः जुळवून घेणं, मॅशइतकंच पाणी भरून करा; रिकाम्या किंवा अर्ध्या भांड्यावर केलेलं जुळत नाही.

प्रोब बहुतेक यंत्रांत तळाशी असतो. तळाचं वर्ट ६६ झालं तरी दाण्याच्या मधोमध ६२ असू शकतात. पंपाने दहा-पंधरा मिनिटं वर्ट फिरलं की दोन्ही जुळतात. पंप फार जोरात असेल तर दाणा दाबून बसतो, वर्ट खाली यायचं थांबतं, तळ कोरडा पडतो आणि हीटर करपतो किंवा सुरक्षेचा कटऑफ पडतो. तो पुन्हा पुन्हा पडत असेल तर रीसेट करत बसू नका. पंप बंद करा, दाणा ढवळून मोकळा करा आणि प्रवाह अर्ध्यावर आणा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

यंत्र लावलं की आरसीडी किंवा जीएफसीआय (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर तो वैतागून काढून टाकायचा किंवा बगल द्यायची नाही. हीटरच्या आत पाणी शिरलं असण्याची ती खूण आहे. पातेल्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, प्लग काळवंडला असेल, वायर मऊ पडली असेल किंवा जळका वास येत असेल तर भिंतीवरून वीज बंद करा, प्लग काढा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला दाखवा. वर्ट साखरेचं आणि वाहक आहे, हात ओले असतात, जमीन ओली असते. इथे घरगुती प्रयोगाला जागा नाही.

कंट्रोलरवर ‘बंद’ दिसत असूनही हीटर तापतच राहिला तर आतला सॉलिड-स्टेट रिले (हीटरची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) चिकटला असण्याची शक्यता मोठी. हे रिले बिघडले की पुष्कळदा चालू अवस्थेतच अडकतात. असं यंत्र त्या दिवशी पुन्हा लावू नका. वॉरंटी असेल तर न उघडता परत द्या.

गॅसच्या बर्नरचं तेच. ज्योत पिवळी, काजळी धरणारी असेल, रेग्युलेटरपाशी साबणाच्या पाण्याला बुडबुडे येत असतील किंवा वास येत असेल तर सिलेंडरची तोटी बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं कोणतंही बटण दाबू नका आणि गॅसवाल्या तंत्रज्ञाला बोलवा. ब्रिटनमध्ये तो गॅस सेफ नोंदणीचा असायला हवा. बाहेर वापरायचा प्रोपेनचा बर्नर थंडी आहे म्हणून घरात, तळघरात किंवा दार लावलेल्या गॅरेजमध्ये लावायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड झालं, मळमळलं तर पातेलं तसंच सोडून आधी सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यायचं.